जीमॅट परत द्यायची की आहे त्या गुणांवर अर्ज करायचा?

जीमॅट, म्हणजे एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा, दिली आणि गुणांचा आकडा मनासारखा आला नाही म्हणून त्याच संध्याकाळी पुढची तारीख घेऊ नका. दोन जीमॅटमध्ये 16 दिवसांचं अंतर लागतंच आणि बारा महिन्यांत पाचदाच बसता येतं. निर्णयाला दोन-तीन दिवस सहज मिळतात.

आधी मॉकशी (सराव परीक्षांशी) ताळा घाला. परीक्षेपूर्वीच्या शेवटच्या तीन अधिकृत मॉकची सरासरी काढा. क्लासवाल्यांचे मॉक धरू नका, त्यांची गुण देण्याची पद्धत वेगळी असते. एकदा सोडवलेला मॉक पुन्हा दिला असेल तर तोही वगळा, प्रश्न ओळखीचे निघाले की आकडा फुगतो. सरासरी 655 आणि प्रत्यक्षात 605 आले, तर तयारी होती, दिवस बिघडला: झोप झाली नाही, किंवा एका प्रश्नावर पाच मिनिटं गेली आणि शेवटचे चार सुटलेच नाहीत (न सोडवलेल्या प्रश्नांचा दंड बसतो). अशांनी तीन-चार आठवड्यांत परत बसावं. सरासरीच 605 असेल तर नुसती तारीख बदलून काही हाती लागणार नाही. अभ्यासाची रीत बदलायला हवी, आणि नोकरी सांभाळून त्याला दोन-अडीच महिने जातात.

मग विभाग बघा. क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांवरचे प्रश्न) या तिघांचं वजन सारखंच असतं. प्रत्येकाचे गुण 60 ते 90, एकूण 205 ते 805. म्हणजे कुठल्याही एका विभागात 3 गुण वाढले की एकूण सुमारे 20 वाढतात. आपल्याकडचे इंजिनिअर मात्र क्वांटच घोटत बसतात. क्वांट 84 आणि डेटा इनसाइट्स 75 असेल तर वाढायला जागा दुसरीकडे आहे, शिवाय तिथे त्याच गुणांना पर्सेंटाइलही (किती टक्के परीक्षार्थी तुमच्या मागे, तो आकडा) वरचं मिळतं. चुकांची वही काढा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: संकल्पना कच्ची, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ संपला. बहुतेक चुका पहिल्या प्रकारच्या निघाल्या तर घाई नको.

दोनदा दिली तर कॉलेजला वाईट दिसेल, ही भीती उगीच. गुण बघून ते कुठे पाठवायचे हे तुम्हीच ठरवता, आणि निकाल पाच वर्षं चालतो. तुमच्या कॉलेजच्या मागच्या बॅचची सरासरी शोधा. तिच्या आसपास किंवा वर असाल तर परत देण्यापेक्षा निबंध आणि शिफारसपत्रं यांवर वेळ घालवलेला बरा.

गोव्यात राहत असाल तर तारीख निवडताना इथलं कॅलेंडर समोर ठेवा. चतुर्थीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचे पाच-सात दिवस घरात अभ्यास होत नाही, हे मान्य करून टाका. जून ते सप्टेंबर घरून परीक्षा देणार असाल तर वीज जाणारच असं धरून चाला. लॅपटॉपची बॅटरी भरलेली आणि राउटर इन्व्हर्टरवर हवा. परीक्षा चालू असताना खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. घरात पाहुण्यांची वर्दळ असेल तर केंद्रच बरं. ते लांबचं मिळालं तर आदल्या दिवशीच पोचा.

कॅटची, म्हणजे आयआयएमच्या प्रवेशपरीक्षेची, गोष्ट निराळी. ती वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या अखेरीस. परत देणं म्हणजे वर्ष थांबणं, म्हणून दहावी-बारावी आणि पदवीचे गुणही हिशेबात घ्या. आयआयएमच्या निवडीत तेही मोजले जातात आणि ते आता बदलणार नाहीत. कॅट बिघडली तरी जानेवारीतली झॅट ही दुसरी एमबीए प्रवेशपरीक्षा हातात असते. गोव्यातल्या साखळी गावचं गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट कॅट, झॅट आणि जीमॅट तिन्ही घेतं. तिथेच जायचं असेल तर निकालाची वाट न पाहता कॅट देऊन घरी आल्यावर झॅटचा फॉर्म भरायची मुदत शिल्लक आहे का ते आधी बघा.