ई-स्कूटरवर सर्व्हे करताय? मग 'घ्याल का?' हा प्रश्न आधी खोडा

एमबीए असो, इंजिनीअरिंग असो की इकॉनॉमिक्स, 'इलेक्ट्रिक वाहनांकडे बघण्याचा ग्राहकांचा दृष्टिकोन' असा एखादा प्रोजेक्ट दरवर्षी निघतोच, आणि त्यात पहिला प्रश्न ठरलेला, भविष्यात इलेक्ट्रिक गाडी घ्याल का? सगळे हो म्हणतात. हो म्हणायला काय जातंय, त्यात फॉर्म घेऊन शेजारच्यांची मुलगी दारात उभी असली की नाही कोण म्हणणार.

म्हणून विचारायचं ते झालेल्या गोष्टींबद्दल. काल गाडी किती फिरली, रात्री नेमकी कुठे लावली होती, तिथून सगळ्यात जवळचा प्लग कुठे आणि त्याचं बिल कोणाच्या मीटरवर येतं. पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत हा शेवटचा प्रश्न विचारला की लोक खरं बोलायला लागतात, कारण पार्किंगमधला प्लग कॉमन मीटरवर, सेक्रेटरी नको म्हणतो, मग कोणीतरी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेंशन बोर्ड खाली सोडतो आणि पाऊस आला की धावत जाऊन वर ओढतो. रेंजची भीती, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर जाईल ही काळजी, वगैरे फॉर्मवर सगळेच लिहितात, पण घोडं पेंड खातं ते इथे. आणि शोरूममध्ये जाऊन टेस्ट राइड घेऊन शेवटी पेट्रोलचीच घेऊन आलेला माणूस सापडला तर त्याला सोडू नका, अर्धा तास बसा त्याच्याबरोबर.

किंमत किंवा रेंज बदलली तर लोक काय करतील हे मात्र झालेल्या गोष्टींवरून कळत नाही, त्यासाठी कार्डं बनवा. एका कार्डावर ९५ हजार आणि ८० किलोमीटर, दुसऱ्यावर १ लाख १५ हजार आणि १२० किलोमीटर, आणि तिसरं कार्ड 'यातली कुठलीच नको, आहे तीच चालवतो' हे हवंच, ते नसलं की तुम्ही लोकांना जबरदस्तीने गाडी घ्यायला लावताय. एक कार्ड सगळ्याच बाबतीत सरस नको. असे तीन-तीन कार्डांचे सहा-आठ संच दाखवा आणि प्रत्येकातलं एक निवडायला सांगा, तेवढे बास, पुढे लोक कंटाळून काहीही टिक करतात. उत्तरांवर लॉजिट मॉडेल लावायचं, म्हणजे कुठला पर्याय निवडला जाण्याची शक्यता किती हे काढणारं गणित, त्यासाठी बायोजीम किंवा अपोलो ही सॉफ्टवेअर पॅकेजं फुकट मिळतात. हे खेळणं वाटत असेल तर सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे बघा. ती सुरू व्हायच्या आधी डॅनिअल मॅकफॅडन या अर्थतज्ज्ञांनी लोक तेव्हा कामावर कसे जातात यावरून असंच मॉडेल बांधलं आणि ६.३ टक्के लोक बार्टने जातील असं काढलं, सरकारी अंदाज होता १५ टक्के. प्रत्यक्षात निघाले ६.२. पुढे २००० साली त्यांना नोबेल मिळालं.

आता पॉलिसी. सरकारच्या 'वाहन' डॅशबोर्ड या वेबसाइटवर राज्य, आरटीओ, इंधन, महिना असं सगळं निवडून नोंदणीचे आकडे बघता येतात, ते काढा आणि शेजारी सबसिडीच्या तारखा लिहा. १ जून २०२३ पासून फेम-२ या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रिक वाहन योजनेची दुचाकीवरची सबसिडी बॅटरीच्या दर किलोवॉट-अवर क्षमतेमागे १५ हजारांवरून १० हजारांवर आली, आणि किमतीच्या ४० टक्क्यांची मर्यादा १५ टक्क्यांवर. देशभरातली ई-दुचाकींची नोंदणी मे महिन्यात लाखाच्या वर होती, जूनमध्ये निम्म्याच्याही खाली. बरेच जण इथे 'सबसिडी गेली, मार्केट कोसळलं' लिहून मोकळे होतात, पण मेचा आकडाच फुगलेला होता ना, स्वस्तात मिळतेय तोवर घेऊन टाकू म्हणून लोक धावले. एप्रिलशी आणि पुढच्या दोनतीन महिन्यांशी ताडून बघा, घसरण दिसेल पण तेवढी भयानक नाही.

गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून २०० उत्तरं गोळा करणं सोपं, पण ती २०० माणसं तुमच्यासारखीच असतात. रविवारी सकाळी गॅरेजवर जा, डिलिव्हरीवाली मुलं संध्याकाळच्या गर्दीआधी जिथे थांबतात तिथे जा, ती दिवसभर गाडीवर असतात आणि खर्चाचा हिशोब त्यांना तोंडपाठ असतो.

आणि फॉर्मवर गाडीचा नंबर मागू नका, लोक दचकतात. गाडी कुठल्या साली, कुठल्या महिन्यात घेतली एवढं विचारा, महिना टाळू नका, कारण मे २०२३ मध्ये घेणारा आणि ऑगस्टमध्ये घेणारा यांनी एकाच गाडीला वेगवेगळे पैसे मोजलेले असू शकतात.