आयुष्य विस्कटलं तरी स्टुडिओ चालू कसा ठेवायचा

घर बदललं, बाळ झालं, आईवडिलांचं आजारपण निघालं, घटस्फोट, हाताचं ऑपरेशन, ठरलेलं प्रदर्शन कॅन्सल, यातलं एक जरी झालं तरी पहिली कात्री स्टुडिओच्या वेळेला लागते. आणि आपण काय करतो, तर जुनं टाइमटेबल जसंच्या तसं वाचवायला बघतो, तोच मोठा कॅनव्हास, तेच सकाळचे सलग तास, आणि ते जमत नाही म्हटल्यावर थोडे दिवस चिडचिड आणि मग काम पूर्णच बंद. माझं म्हणणं एवढंच आहे की अशा काळात तास मोजूच नका. बसल्यापासून पहिला फटकारा मारेपर्यंत किती वेळ जातो तेवढं बघा आणि तो वेळ कमी करत न्या, बाकीचं बऱ्यापैकी आपोआप मार्गी लागतं.

एकदा घड्याळ लावून बघाच. टेबल मोकळं करणं, पाणी आणणं, पेपर ताणणं, गच्च बसलेलं ट्यूबचं झाकण उघडणं, मग अर्धवट चित्राकडे बघत "हां, तर आता काय" म्हणत उभं राहणं. बऱ्या दिवसांत हे खटकत नाही, उलट मजा येते त्यात. पण हातात एकूण चाळीसच मिनिटं असतील आणि अर्धा तास मांडामांडीतच गेला तर कोण बसेल रोज? हे सगळं पाच मिनिटांच्या आत आलं पाहिजे.

त्यासाठी एक ट्रे बनवा. खरोखरचा ट्रे, काठ असलेला, एका हाताने उचलता येईल असा. त्यात एकाच मापाचे आधीच कापून ठेवलेले पेपर, दोन ब्रश, घट्ट झाकणाची पाण्याची बाटली, जुनं फडकं, पेन्सिल आणि चार-पाच रंग. पिवळा, लाल, अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा एवढ्यात खूप काही होतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत मिसळले की फिकट राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळे ग्रे मिळतात, काळी ट्यूब लागतच नाही. या ट्रेमधलं सामान दुसऱ्या कामाला काढायचं नाही आणि ट्रे कपाटात ठेवायचा नाही, कपाटात गेलेली वस्तू म्हणजे गेलीच.

दुसरी सवय म्हणजे काम मध्येच सोडायची. चित्राचा एखादा भाग पुरा करूनच उठायचं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण वाईट काळात हेच नडतं, कारण दुसऱ्या दिवशी शून्यापासून विचार करावा लागतो. पुढचा फटकारा कुठे मारायचा हे माहीत असतानाच उठा, मास्किंग टेपच्या तुकड्यावर "डावीकडची सावली, थोडी थंड" असं काहीतरी लिहा आणि टेप पेपरच्या कडेला चिकटवा. मग ती चिठ्ठी चार दिवसांनी वाचली तरी हात लगेच सुरू होतो.

मध्येमध्ये उठावं लागत असेल तर

घरात तान्हं बाळ असेल किंवा कोणाची सेवा चालू असेल तर तुम्हाला कधी हाक येईल सांगता येत नाही, आणि इथे माध्यम बदलणं हाच खरा उपाय आहे. वॉटरकलरचा ओला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, अर्ध्यात सोडून उठलात तर कडा वाळून डाग बसतो, ॲक्रिलिक पॅलेटवरच वाळून प्लास्टिक होतं. ग्वाश, म्हणजे अपारदर्शक वॉटरकलर, मात्र चालतं, वाळला तरी पाण्याने परत उठतो. कोलाज, लिनोकट (लिनोलियम कोरून छापणं), रंगीत पेन्सिल, शाई-पेन, हे सगळे प्रकार हाकेसरशी खाली ठेवता येतात. ॲक्रिलिकच हवं असेल तर हवाबंद डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंगचा कागद आणि कागदावर रंग, अशी वेट पॅलेट करा, झाकण लावलं की रंग काही दिवस ओला राहतो.

ऑइल खरं तर अडथळ्यांना सगळ्यात सोशिक, कारण ते लवकर वाळतच नाही. पण बाळ पोटात असेल किंवा घरात रांगत असेल तर टर्पेंटाइनची वाफ, लेड व्हाइट आणि कॅडमियमवाले रंग लांब ठेवा. कोरडं सँडिंग, स्प्रे, धूळ उडवणारे सॉफ्ट पेस्टल हे पण नको. ब्रश आधी करडईच्या किंवा जवसाच्या तेलात धुवून मग साबणाने धुतले तर टर्पेंटाइनसारखं सॉल्व्हंट लागतच नाही. मात्र रंग पातळ करायला सॉल्व्हंट वापरला नाहीत तर खालचे थर जितके पातळ लावता येतील तितके लावा, कारण वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं, उलटं झालं तर पुढे तडे जातात.

जागाच सुटणार असेल तर

दुकान गुंडाळायचंच असेल तर नीट गुंडाळा. कंटाळा येतो मान्य आहे, पण नंतरच्या परतीचा अर्धा त्रास इथेच वाचतो.

सगळ्यात आधी फोटो काढा, चित्रांचे समोरून आणि मागून, आणि ते फोटो स्टुडिओबाहेर कुठेतरी सेव्ह करा. १९४६ च्या जानेवारीत अमेरिकेतला चित्रकार अर्शिल गॉर्कीच्या स्टुडिओला आग लागली आणि त्यात बरीच चित्रं, ड्रॉइंग जळून गेली. आज आपल्या खिशात कॅमेरा आहे, तरी आपण फोटो काढत नाही, याला आळशीपणाच म्हणायचा. आगीवरून आठवलं, जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी कधीही चुरगळून बोळा करून टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं आणि बोळ्यात ती उष्णता साठून फडकं आपोआप पेटू शकतं. एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.

ऑइलची चित्रं अंधारात दीर्घकाळ राहिली तर तेल पिवळं पडतं. घाबरू नका, उजेडात ठेवल्यावर ते बऱ्यापैकी उतरतं, पण शक्य असेल तर चित्रं अंधाऱ्या माळ्यावर टाकूच नका. रोल करायची वेळ आली तर जाड पाइपवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आपलं मन उलटं सांगतं, रंग आत सुरक्षित राहील असं वाटतं, पण आत गुंडाळलं की रंगाचा थर दाबला जाऊन सुरकुततो. ॲक्रिलिकवर थेट प्लास्टिक गुंडाळू नका, उन्हाळ्यात ते चिकटतं, मध्ये सिलिकॉनचा रिलीज पेपर घाला. आणि दमट जागा असेल तर पेपर भिंतीला टेकवून ठेवू नका, हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीचं काम सुरूच होतं.

शिल्पकारांसाठी एक बरी बातमी. माती वाळून दगड झाली तर फेकू नका, पण अर्धवट ओली असताना पाणीही ओतू नका. पूर्ण वाळू द्या, फोडा आणि मग पाण्यात टाका, खडखडीत वाळलेली माती झटकन विरघळते, अर्धवट ओला गोळा मात्र तसाच बसून राहतो. प्लास्टरचं पोतं मात्र कोणालातरी देऊन टाका, ओल लागलेलं प्लास्टर परत कामाचं राहत नाही.

आणि प्रत्येक अर्धवट चित्राच्या मागे एक कागद लावा, त्यावर मुख्य रंग कशाकशाचे मिसळले होते आणि पुढे काय करायचं होतं ते. सहा महिन्यांनी तुम्हाला वाटेल हे चित्र दुसऱ्याच कोणीतरी काढलंय, तेव्हा हा कागदच कामाला येतो.

शरीर साथ देईनासं झालं तर

इथे आपल्याला जिद्दीच्या गोष्टी सांगायची फार हौस असते. फ्रेंच चित्रकार रेन्वारच्या हाताला ब्रश बांधायचे अशी एक गोष्ट सगळीकडे फिरते, पण संधिवाताने आखडलेल्या त्याच्या हातात कोणीतरी ब्रश ठेवून द्यायचं आणि हाताला जी पट्टी दिसते ती बोटांनी तळव्याची कातडी सोलवटू नये म्हणून होती. मला ही खरी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते, कारण त्यात जिद्दीपेक्षा व्यवस्था दिसते, कोणीतरी मदतीला आहे, कातडीची काळजी घेतली जातेय.

फ्रेंच चित्रकार मोनेला मोतीबिंदूमुळे रंग नीट दिसेनात तेव्हा तो ट्यूबवरच्या लेबलवर आणि पॅलेटवर ठरलेल्या जागेवर भिस्त ठेवायचा, १९२३ मध्ये ऑपरेशन झालं तोपर्यंत. फ्रान्सच्याच मातिसचं १९४१ मध्ये पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, त्यानंतर बराच काळ व्हीलचेअर आणि पलंग, मग त्याने कात्री हातात घेतली. ग्वाशने रंगवलेले कागद असिस्टंट तयार करून द्यायच्या, तो कापायचा आणि कुठे लावायचे ते सांगायचा. आपल्याकडे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींची दृष्टी १९५० च्या दशकात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पूर्ण गेली, त्यानंतर त्यांनी कागद कापून चित्रं केली, हाताने चाचपून छोटी शिल्पं केली आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनला टाइल्सचं म्युरल केलं. यातल्या कोणीही "पहिल्यासारखं" काम करायचा हट्ट धरला नाही, आणि जवळजवळ प्रत्येकाला मदतीचे हात होते. मदत मागायला लाजू नका, कागद कापून देणं, फ्रेम ठोकणं, कॅनव्हासला गेसो (रंगाखाली द्यायचा पांढरा अस्तराचा थर) मारणं ही कामं कोणीही करू शकतं.

आता घरच्या घरी करायचं काय? ब्रशच्या दांड्याला फोमची नळी चढवा, जाड दांडा धरायला बोटं कमी आवळावी लागतात. काम बोटांऐवजी खांद्यातून करा म्हणजे पेपर मोठा आणि उभा, ब्रश लांब. वरच्या कोपऱ्यात हात पोचत नसेल तर कॅनव्हास उलटा करा, लाज कसली त्यात. उजेडासाठी सीआरआय (त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० च्या वरचा एलईडी बघून घ्या, रंग ओळखणं सोपं जातं. दुखत असेल तर वेदना सुरू व्हायच्या आधी थांबा, नंतर नव्हे, आणि फिजिओथेरपिस्टकडे जाताना रिपोर्टसोबत तुमचा नेहमीचा ब्रश पण न्या आणि तो कसा धरता ते दाखवा.

चित्रकार पॉल क्लेचा हिशेब मला फार आवडतो. १९३५ मध्ये त्याचं आजारपण सुरू झालं, १९३६ मध्ये पूर्ण वर्षात त्याने जेमतेम २५ कामं केली. १९३९ मध्ये, आजार तसाच असताना, बाराशेच्या वर. रेषा जाड आणि सोपी झाली होती. लोक बाराशेचा आकडा सांगतात, पण तुम्ही २५ वाल्या वर्षात असाल तर ते वर्षही त्याच हिशेबात धरलं जातं हे लक्षात ठेवा.

कोणी गेलं असेल तर

इथे टिप्स देणं थोडं उद्धटपणाचंच आहे म्हणून थोडक्यात. मोनेची बायको १९११ ला गेली, नंतर त्याचं काम जवळपास थांबलं. १९१४ ला मुलगा पण गेला आणि त्याच वर्षी त्याने कमळांची ती प्रचंड चित्रं हातात घेतली. तीन वर्षं. तुम्हाला "कामात मन रमव" सांगणारे तीन आठवड्यांत येतील, त्यांना हो म्हणा आणि सोडून द्या. स्टुडिओत जावंसं वाटलंच तर डोकं न लागणारी कामं करा, पेपर कापणं, कॅनव्हास ताणणं, दोन-दोन रंग मिसळून कलर चार्ट बनवणं. चार्ट पुढे उपयोगी पडतो हा बोनस.

आणि काम हे औषध आहे असं समजून डॉक्टर टाळू नका. त्याच गॉर्कीने आगीनंतर, कॅन्सरच्या ऑपरेशननंतर, एका उन्हाळ्यात जवळपास तीनशे ड्रॉइंग काढली, आणि तरी दोन वर्षांनी त्याने आयुष्य संपवलं. झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल तर आधी माणसांना सांगा, डॉक्टरकडे जा, ईझल कुठे पळून जात नाही.

पैशाची तंगी असेल तर साइज कमी करा, क्वालिटी नको. छोटा चांगला पेपर मोठ्या भिकार पेपरपेक्षा कधीही बरा. नकाराच्या ईमेलसाठी वेगळा फोल्डर करा आणि स्टुडिओच्या वेळेत तो उघडू नका, बास.

परत येताना

त्या मोठ्या अर्धवट कॅनव्हाससमोर पहिल्याच दिवशी जाऊन उभे राहू नका, तो भिंतीकडे तोंड करून ठेवा. आधी सामान तपासा. वॉटरकलरच्या वाळलेल्या ट्यूब कापून आतला रंग पाण्याने भिजवा, चालतो. ॲक्रिलिकच्या वाळलेल्या ट्यूब टाकून द्या. जुन्या पेपरच्या कोपऱ्यावर एक ओला फटकारा मारून बघा, रंग टीपकागदासारखा शोषला जाऊन ठिपके पडले तर पेपरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, गेलंय, तो चारकोलला वापरा. मग थोडे दिवस नुसतं ड्रॉइंग, घरातल्याच वस्तू, फ्रेम करायच्या विचाराने नको. हात आधी परत येतो, नजरेला जरा वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीची कामं वाईट वाटली तरी फाडू नका, तारीख टाकून ठेवून द्या.

मग तो कॅनव्हास फिरवा. मागचा कागद वाचा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका, चित्र ऑइलचं असेल आणि रंग निस्तेज, बुडाल्यासारखे दिसत असतील तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जादाचं तेल फडक्याने टिपून घ्या, मूळ रंग परत दिसतील आणि नवा रंगही नीट पकडेल. बघून काहीच वाटलं नाही, आपलं वाटेनासंच झालं असेल, तर जबरदस्तीने पुरं करू नका. पण त्यावर ॲक्रिलिक गेसो मारून नवं चित्र पण सुरू करू नका, ऑइलवर ॲक्रिलिक धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात. कॅनव्हास फ्रेमवरून उतरवा, गुंडाळून ठेवा आणि त्याच फ्रेमवर नवा ताणा.