प्रोसेसरला पेस्ट कोणती घ्यावी आणि कशी लावावी

मे महिन्यात इंदूरचा पारा ४२ वर गेला की घरातल्या कॉम्प्युटरचा पंखा मिक्सरसारखा ओरडू लागतो, आणि कोणीतरी हमखास सांगतं, "पेस्ट बदल." म्हणजे प्रोसेसर आणि त्यावर बसवलेला धातूचा हीटसिंक यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट. सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर बाजारात पळण्याआधी एक हिशेब करा. एचडब्ल्यूमॉनिटर हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून, नेहमीचं जड काम चालू असताना प्रोसेसरचं तापमान बघा आणि त्यातून खोलीचं तापमान वजा करा. डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत ६५ दिसत होतं आणि आता ३८ च्या खोलीत ८३ दिसतंय, तर पेस्टचा दोष नाही, उन्हाळ्याचा आहे. फरक वाढला असेल तर आधी हीटसिंकची धूळ काढा. ब्रश फिरवताना पंखा बोटाने धरून ठेवा. एवढं करूनही फरक तसाच राहिला, तर मग पेस्ट.

प्रोसेसर आणि हीटसिंक दिसायला गुळगुळीत असले तरी दोघांच्या मध्ये हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता ०.०२६ वॉट प्रति मीटर-केल्विन, तांब्याची सुमारे ४००. पेस्ट फक्त त्या फटी भरते. ती तांब्याच्या जवळपासही पोचत नाही, म्हणून थर पातळच हवा.

डबीवरच्या उष्णतावाहकतेच्या आकड्याला फार भुलू नका. काउंटरवर सहज मिळणाऱ्या राखाडी एचवाय-५१० पेस्टचा दावा १.९३, आर्क्टिक एमएक्स-४ चा ८.५, क्रायोनॉटचा १२.५. मोजण्याची रीत प्रत्येक कंपनीची आपापली. ६५ वॉटच्या साध्या डेस्कटॉपवर शेवटच्या दोघांत दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी खूप. मी डेस्कटॉपला एमएक्स-४ घेतो आणि विषय संपवतो.

लॅपटॉपचं गणित वेगळं. तिथे चिपवर धातूचं झाकण नसतं, आणि तापणं-निवणं चालू राहिलं की पातळ पेस्ट हळूहळू कडेला सरकते. घट्ट पेस्ट घ्या, किंवा पेस्टऐवजी लावायचा पीटीएम७९५० चा पातळ तुकडा. तो ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन जागेवर बसतो. लिक्विड मेटल, म्हणजे पेस्टच्या जागी लावायचा पातळ धातू, मात्र नवख्याने घेऊच नये. त्यातलं गॅलियम अ‍ॅल्युमिनियम पोखरतं, आणि थेंब बोर्डावर सांडला तर शॉर्ट.

आता लावणं. कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून कोमट करा, मग बंद करून वायर काढा. ही पायरी मी एकदा गाळली होती. रामबागेत मावशीकडे जुना रायझन प्रोसेसर होता, एएम४ सॉकेटचा, म्हणजे पिना प्रोसेसरलाच असलेला. थंड कूलर (हीटसिंक आणि त्यावरचा पंखा) सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून आला. मावशी म्हणाली, "अरे, हे पण सोबत यायचं असतं का रे?" दोन पिना वाकल्या होत्या. दाढीच्या पात्याने त्या सरळ करता करता संध्याकाळ गेली. म्हणून कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवायचा, सैल झाला की उचलायचा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाचे तंतू राहतात, कॉफी फिल्टर किंवा चष्म्याचं फडकं बरं. वाळू द्या. मधोमध तुरीच्या दाण्याएवढा ठिपका टाका, बोटाने पसरवू नका, कूलरचा दाब ते काम करतो. स्क्रू समोरासमोरचे, दोन-दोन फेरे, आलटून पालटून. नीट पसरली का ते बघायला कूलर पुन्हा उचललात तर हवा शिरते, मग पुसून पहिल्यापासून सुरुवात.

उरलेल्या सिरिंजचं टोपण घट्ट लावून ती सावलीत ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. आणि वर मार्करने तारीख लिहा.