नजर मोजायला वावरात उतरताना

कापूस वेचणारी बाई कोणतं बोंड आधी हेरते आणि किडकं कसं टाळते, हे मला मोजायचं होतं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, पऱ्हाटीचं. प्रबंधासाठी विभागाचा नजर टिपणारा चष्मा घेऊन नोव्हेंबरात वावरात उतरले. या विषयात नव्याने येणाऱ्यांना आधी हेच सांगते, की माहितीपत्रकातली अचूकता प्रयोगशाळेतली असते. वावरातली आपली आपणच मोजावी लागते.

चष्म्याच्या चौकटीत डोळ्यांकडे तोंड केलेले बारके कॅमेरे आणि इन्फ्रारेड दिवे असतात. दिव्यांची चमक बुबुळावर पडते, मधली बाहुली काळी दिसते आणि दोन्हींच्या जागेवरून नजरेची दिशा काढतात. समोरचं दृश्य टिपायला वर आणखी एक कॅमेरा असतो. चूक अंशांत सांगतात. ५७ सेंटिमीटरवर १ अंश म्हणजे साधारण १ सेंटिमीटर, एवढं पाठ करून ठेवा.

पहिल्या दिवशी मी ओसरीत बसून, २ मीटरवरच्या भिंतीवर खुणा करून कॅलिब्रेशन, म्हणजे चष्म्याचा हिशेब नजरेशी जुळवणं, उरकलं. वावरात बोंड मात्र अर्ध्या मीटरवर. संध्याकाळी व्हिडिओ उघडला तर चष्मा घालून वेचणाऱ्या मावशींचा हात बोंडाला आणि नजरेचा लाल ठिपका वरच्या पानावर, दर वेळी. दृश्याचा कॅमेरा डोळ्यांपेक्षा ३ सेंटिमीटर वर होता. २ मीटरवर जुळवलेला हिशेब अर्ध्या मीटरवर अडीच अंशांहून जास्त चुकतो, म्हणजे बोंडापाशी सव्वादोन सेंटिमीटर. जिथे काम चालतं त्याच अंतरावर जुळवणी करा.

दुपारचं दुखणं वेगळं. उन्हातही इन्फ्रारेड असतो, दिव्यांची चमक त्यात बुडून जाते. डोळे बारीक झाले की पापणी बाहुलीवर येते. काजळाची कडही यंत्राला बाहुलीसारखी काळी दिसते. त्यात घाम. "पोरी, हे नाकावरून घसरून राह्यलं ना," म्हणत मावशी मनगटाने चष्मा वर सारायच्या, आणि त्या एका ढकलण्यासरशी सगळी जुळवणी हलायची. काही नव्या चष्म्यांत ही घसरण सांभाळून घेतात, आमच्यात तशी सोय नव्हती.

मग कडेची टोपी आणली, चष्म्याला मागून पट्टी बांधली. पुठ्ठ्यावर फुल्या काढल्या. काही जुळवणीसाठी, काही फक्त तपासणीसाठी. ज्या फुल्यांवर जुळवलं त्यांच्यावरच तपासलं तर चूक खोटी कमी दिसते. दर दहा मिनिटांनी मावशी तपासणीच्या फुल्यांकडे बघायच्या आणि मी आकडा वहीत टाकायची. सुरुवातीला चूक दीड अंशाच्या आत, शेवटी दोनच्या पुढे.

हा आकडा हातात आल्यावर मला माझा आवडता प्रश्न सोडावा लागला. २ अंश म्हणजे अर्ध्या मीटरवर पावणेदोन सेंटिमीटर. नजर कुठल्या फुटलेल्या बोंडावर होती हे त्यातून सांगता येतं. गुलाबी बोंडअळीचं छिद्र मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं, ते मावशींनी पाहिलं की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही. वाईट वाटलं, पण प्रबंधातून तो भाग काढला.

चष्मा हाती नसेल तर थांबू नका. २०१५ चा एमपीआयआयगेझ हा चित्रसंच संशोधनासाठी मिळतो. त्यात १५ जणांच्या लॅपटॉपसमोरच्या दोन लाखांवर प्रतिमा आहेत. अंशांचा हिशेब त्यावर शिकता येतो.

आणि वेचणीची मजुरी किलोवर असते. पुठ्ठ्याकडे बघण्यात गेलेला वेळ मावशींच्या ओटीतून जातो, म्हणून खर्चाच्या अर्जातच त्यांची दिवसाची पूर्ण मजुरी धरा.