चाळिशीनंतर जोर मारायचेत? आधी कठडा धरा

थेट जमिनीवर उतरू नका. रंकाळ्यावर फिरायला जाताच, तर कमरेएवढा कठडा बघून त्यावर हात टेका. घरी स्वयंपाकाचा ओटाही चालतो. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेघेत, कोपरं बाहेर फाकवायची नाहीत. खाली जाताना मनात तीन आकडे मोजा, ताकद या सावकाश उतरण्यातही वाढते. वर येताना श्वास सोडा. रक्तदाब असेल तर श्वास कोंडणं धोक्याचं, आणि आधी डॉक्टरांना विचारा. दहा-बारा नीट जमले की बाकडं, मग पायरी, मग जमीन. एक दिवसाआडच करा. तालमीतले झोकदार जोर बघून हुरूप येतो, पण त्यात खांद्यावर फार ताण येतो. ते अगदी शेवटी. मनगट दुखलं तर मुठी टेकवा.