फोर-ट्रॅकवर अभंग बसवताना

पंखा बंद करा. घरच्या घरी फोर-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरवर अभंग भरायचा तर पहिली गोष्ट हीच. बाकीचं नंतर. मे महिन्यात ठाण्यात बसून हे सांगणं जिवावर येतं, पण पंख्याची घरघर टेपवर गेली की ती परत काढता येत नाही. चार ट्रॅक, म्हणजे फितीवरचे चार वेगळे पट्टे, चार वेळा भरायचे म्हणजे घरघरही चारदा. मी दुपारी दोन ते चार ही वेळ धरते. शेजारचे कुकर झालेले असतात आणि सुट्टी नसेल तेव्हा मुलांची शाळा सुटलेली नसते. कोकिळेचं मात्र काही करता येत नाही. माझ्या एका अभंगात दुसऱ्या कडव्याच्या आधी ती स्पष्ट ऐकू येते. तिला मी राहू दिलंय.

मशीन टॅस्कॅम ४२४. दादा बोटीवर होता, त्याने १९९५ मध्ये जपानहून आणलं आणि दोन वर्षांनी माझ्याकडे टाकून गेला. मी गाणं शिकवते, वायरींमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी १०० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर मी थेट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसला. घरभर जळका वास. मशीन वाचलं, अ‍ॅडॉप्टर गेला. तुम्ही जुनं मशीन घेतलंत तर आधी त्याच्या मागचा आणि अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचा. जपानचं १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेचं १२० चं. नवा अ‍ॅडॉप्टर घेताना व्होल्ट आणि अँपिअर तर जुळवाच, पण पिनेच्या आत अधिक आहे की उणे हेही बघा. ती खूण मशीनवर छोट्या चित्रात असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मशीनच घेऊन जा, तोंडी वर्णन करून काही उपयोग होत नाही.

आता हे यंत्र करतं काय? नेहमीच्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन ए बाजूचे आणि दोन बी बाजूचे. १९७९ मध्ये टॅस्कॅमची मूळ कंपनी असलेल्या टीअ‍ॅकचं १४४ हे मशीन आलं आणि त्याने हे चारही पट्टे एकाच दिशेने, एकमेकांपासून वेगळे वापरायची सोय केली. म्हणजे आज तबला भरायचा, उद्या तो ऐकत पेटी, परवा आवाज. कॅसेट उलटून बी बाजूला दुसरं गाणं भरायला गेलात, तर पहिलंच पुसलं जाईल. इथे बी बाजू नाहीच. शिवाय माझं मशीन दुप्पट वेगाने, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, फीत ओढतं. त्यामुळे सी-६० वर, म्हणजे एरवीच्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर, मिळतात फक्त १५ मिनिटं. आईने एकदा ही कॅसेट घरच्या टू-इन-वनमध्ये लावली आणि माझाच आवाज अर्ध्या वेगाने, खर्जात, एखाद्या पैलवानासारखा यायला लागला. बाजू बदलली तर पुन्हा अर्ध्या वेगानेच, पण उलटा. ती घाबरलीच.

कॅसेट टाइप टू घ्या, म्हणजे दुकानात जिला क्रोम म्हणतात ती. टीडीके एसए किंवा मॅक्सेल एक्सएल टू, जुन्या साठ्यातल्या सीलबंद मिळाल्या तर उत्तम. वरच्या कडेला, रेकॉर्डिंग अडवणाऱ्या चिमुकल्या पट्ट्यांना लागूनच जास्तीच्या दोन खाचा असतील तर ती टाइप टू. सी-६० च्या वर जाऊ नका. सी-९० ची फीत पातळ असते, आणि या मशीनमध्ये आपण तीच तीच जागा पन्नास वेळा पुढे-मागे करणार असतो. आपल्या हवेत फितीवर पांढरी बुरशीही धरते. तशी कॅसेट मशीनमध्ये घालूच नका, ती बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटवर.

दर बैठकीआधी हेड पुसायचं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. हेड, शेजारचा धातूचा बारीक दांडा आणि त्याला चिकटून फिरणारा रबरी रोलर. कापसावर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घाला. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनमधला पट्टा, म्हणजे बेल्ट, वितळून डांबरासारखा झालेला असतो. प्ले दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो पण फीत हलत नाही, तर संशय तिथेच घ्यायचा. ते काम मी स्वतः करत नाही.

पेटीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता. मशीनवर वेग बदलायचं एक बटण असतं, पिच कंट्रोल. ते मधोमध ठेवा आणि हात लावू नका. माझ्याकडून ते एकदा पुसता पुसता हललं. दुसऱ्या दिवशी टेपवरचा तबला आणि समोरची पेटी यांचं जमेना. तबला हातोडीने चढवता-उतरवता येतो, इलेक्ट्रॉनिक तंबोरा जुळवता येतो, गळा तर जुळतोच. पेटीचे सूर जिथे आहेत तिथेच. तेव्हापासून मी प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला अर्धा मिनिट पेटीचा सा धरून ठेवते. माझी पट्टी काळी चार, तर काळी चारचा सा. पुढच्या वेळी तो वाजवायचा, सोबत प्रत्यक्ष पेटीवर तोच सूर धरायचा. दोन्हींत फरक असेल तर एक लहर ऐकू येते, वँव वँव. पिच कंट्रोल हळूहळू फिरवत ती लहर मंद होत थांबवायची. ती थांबली की सूर जुळला.

सुरांनंतर हिशेब. ट्रॅक चार आणि मला हवंय तबला, पेटी, तंबोरा, टाळ, मुख्य आवाज आणि दोन मुलींची साथ. म्हणून एकदा बाउन्स करावं लागतं. तीन ट्रॅक एकत्र मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन मोकळे करायचे. माझी मांडणी अशी: एकवर तबला, दोनवर पेटी, तीनवर तंबोरा. बाउन्स चालू असताना टाळ मी त्याच वेळी माइकसमोर वाजवते, म्हणजे तोही चौथ्यावर जातो आणि त्याच्यासाठी वेगळा ट्रॅक लागत नाही.

तबल्याला एक माइक, दोन्ही पुड्यांच्या मधोमध, वर फूटभर. आमचा तबल्याचा मुलगा आधी दोन माइक मागायचा. एकाच्या जागेवर अर्धा तास घालवला, मग नाही मागितला. पेटीला भात्याच्या विरुद्ध बाजूने घ्या, नाहीतर श्वास लागल्यासारखा फसफस आवाज येतो. साधे डायनॅमिक माइक पुरतात. कंडेन्सर माइकला लागणारी फँटम पॉवर, म्हणजे मशीनकडून माइकला मिळणारी वीज, अशा बहुतेक मशीनमध्ये नसते.

पातळी ठरवताना डीबीएक्सचं भान ठेवा. ही फितीची खरखर दाबायची युक्ती. भरताना आवाजातला चढउतार निम्मा करून टेपवर ठेवायचा आणि वाजवताना पुन्हा दुप्पट उघडायचा. म्हणून भरताना चालू असेल तर वाजवतानाही चालूच हवं, आणि पातळी लाल भागात ढकलायची गरज नाही. टाळ तर फारच जपून. टाळाचा आघात मीटरला नीट दिसतही नाही आणि फितीवर मात्र त्याचा चुरा होतो. मी टाळ शून्याच्या दहा डेसिबल खाली ठेवते आणि माइकपासून दोन हात लांब, दाराशी उभी राहून वाजवते.

बाउन्ससाठी माझ्या मशीनवर एक आणि तीन ट्रॅकना डावी वाहिनी जाते, दोन आणि चारला उजवी. म्हणून तिन्ही चॅनेलचे पॅन, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे वळवणारी बटणं, आणि टाळाचा माइक चौथ्या चॅनेलवर म्हणून त्याचाही, पूर्ण उजवीकडे. चौथ्या चॅनेलचं बटण टेपवर नाही, माइकवर, नाहीतर मशीन कर्कश किंचाळतं. तंबोऱ्याची ट्रेबल थोडी उतरवा, कारण तीन नंबर चारला अगदी खेटून आहे आणि तिथलं थोडं पाझरतंच. तबला तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जरा जास्त ठेवा आणि पेटी जरा कमी, कारण वर गळा आला की तबला आपोआप मागे जातो आणि पेटी मात्र गळ्याशी भांडते. मिसळलेलं परत सुटं होत नाही. त्यामुळे बाउन्स झाल्या झाल्या तीन मूळ ट्रॅक पुसू नका. रात्र जाऊ द्या. सकाळी ताज्या कानांनी, शक्यतो स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर ऐका. माझे पहिले दोन बाउन्स बहुतेक वेळा रद्द होतात.

मुख्य आवाज दोनवर भरा. एक आणि चार हे फितीच्या कडेचे पट्टे, फीत चुरगळली तर पहिला मार त्यांना बसतो. साथीच्या मुली एक आणि तीनवर, वेगवेगळ्या. एखादी ओळ चुकली तर तेवढीच बदलता येते, त्याला पंच इन म्हणतात. पायाने दाबायचं बटण असेल तर बरं, कारण हातात कागद असतो. अंतरा संपून ध्रुवपदाकडे येताना जो श्वास घेतो, तिथेच दाबायचं. शब्दाच्या मध्ये दाबलंत तर तो सांधा कायम ऐकू येतो. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, या टप्प्यावर अजिबात नको, ते शेवटच्या मिक्सला, म्हणजे चारही ट्रॅक एकत्र उतरवताना.

शेवटचा मिक्स पूर्वी मी स्टिरिओ डेकवर करायचे, आता लाइन आउटमधून लॅपटॉपवर घेते. अभंग चालू असताना फेडर, म्हणजे आवाजाच्या सरकत्या दांड्या, हातानेच वर-खाली करायचे. माझी एक विद्यार्थिनी शेजारी बसून कडवी मोजते आणि साथीच्या वेळी कोपराने ढोसते.

मग वरच्या दोन्ही पट्ट्या तोडायच्या, म्हणजे चुकून काही पुसलं जाणार नाही. पुन्हा भरायचंच झालं तर तिथे चिकटपट्टी लावता येते. कॅसेट स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, स्पीकरपासून लांब. कव्हरवर मी लिहिते: ४२४, दुप्पट वेग, डीबीएक्स चालू, सुरुवातीला काळी चारचा सा, मुख्य आवाज २. आणि खाली लाल पेनाने, आईसाठी: घरच्या टेपवर लावू नये.