थंडीत जुनी गाडी सेल्फ घेईना? आधी आवाज ऐका, मग पाना उचला

डिसेंबर-जानेवारीत आमच्या साताऱ्यात सकाळी सहाच्या सुमाराला गल्लीत एक ठरलेला कार्यक्रम असतो, कुणाची तरी जुनी गाडी घर्र घर्र करत असते आणि ती चालू व्हायच्या आधी अख्खी आळी जागी होते. बरीच वर्षं ती गाडी आमची असायची. १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारं जुन्या पद्धतीचं यंत्र असलेली), वडिलांनी हौसेनं घेतलेली, विकायचा विषय काढला की घरात दोन दिवस अबोला. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठल्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरायला लागले की समजायचं, उद्या सकाळी आपली बाई रुसणार.

थंडीत नेमकं होतं काय तर तीन गोष्टी एकदम होतात. बॅटरीतली केमिकल रिॲक्शन मंदावते म्हणून जोर कमी मिळतो, इंजिन ऑइल घट्ट होतं म्हणून सेल्फला उलट जास्त जोर लागतो, आणि पेट्रोलची वाफ नीट होत नाही म्हणून आग धरायला वेळ लागतो. धडधाकट गाडी हे सगळं पचवते. पण ज्या गाडीत आधीच काहीतरी ढिलं आहे ते उन्हाळ्यात चालून जातं आणि थंडीत उघडं पडतं, त्यामुळे थंडीला शिव्या देण्यात अर्थ नाही राव.

पहिलं काम, सेल्फ मारत बसू नका. एका वेळी पाच-सात सेकंद, दहाच्या वर तर नाहीच, मग अर्धा-एक मिनिट थांबायचं. सलग मारलं की सेल्फ मोटर तापते, बॅटरी उतरते, आणि मग मूळ दुखणं कुठलं हेच कळत नाही. दोनदा मारून झालं नाही तर हात काढा आणि आवाज कसा आला ते आठवा, कारण अर्धं निदान तिथंच होतं.

नुसता एक 'टक' आला किंवा टकटकटकटक असं झालं किंवा सेल्फ म्हाताऱ्यासारखा हळूहळू फिरला, तर पेट्रोल किंवा स्पार्क प्लगकडे (इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग) बघूच नका, करंटचा घोळ आहे. हेडलाइट लावा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगा. लाइट एकदम मंद झाली किंवा विझली तर बॅटरी उतरलीय नाहीतर कुठलं तरी कनेक्शन खराब आहे, लाइट जशीच्या तशी राहिली आणि सेल्फ गप्प, तर सेल्फ किंवा त्याची वायर बघायची. घरात मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी एकतर उतरलीय नाहीतर संपत आलीय. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ च्या मध्ये दिसायला पाहिजे, तेवढं नसेल तर चार्जिंगच होत नाही, मग नवी बॅटरी टाकून उपयोग शून्य.

हे मी ठासून सांगतोय कारण मी फसलोय. दोन हिवाळ्यांपूर्वी एका मेकॅनिकनं गाडीकडे नीट न बघता बॅटरी गेली म्हणून सांगितलं, मी मुकाट्यानं नवी टाकली, चार दिवसांनी परत तेच घर्र... घर्र... टक. शेवटी शेजारचे काका, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, स्वेटर-मफलरमध्ये आले, बॉनेट उघडलं आणि जम्पर केबलची काळी वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावलं आणि म्हणाले, "मार आता." सेल्फ असा गरकन फिरला की वडील दारात येऊन उभे राहिले. बॅटरी ठणठणीत होती, मायनसची जी जाड वायर खाली गिअरबॉक्सच्या बोल्टला जाते त्या बोल्टखाली गंज. बोल्ट काढला, पॉलिश पेपरनं लोखंड चकाकेपर्यंत घासलं, परत आवळला. खर्च पॉलिश पेपरचा. काका चहा पिऊन गेले, वर "बॅटरी मात्र छान घेतलीस" म्हणाले ते वेगळंच.

तर बॅटरीच्या पैशाआधी अर्थ, म्हणजे मायनसची ती जाड वायर आणि तिचा बोल्ट, बघा. आणि टर्मिनल. त्यावर पांढरा-हिरवा थर धरला असेल तर दहाचा पाना घ्या, आधी मायनस काढा मग प्लस, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं पुसा, बसवताना आधी प्लस मग मायनस, आणि वरून व्हॅसलिन. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत आहे का तेही बघून घ्या, नळाचं पाणी ओतायचं नाही, आणि तोंडात बिडी-सिगारेट ठेवून बॅटरीवर वाकू नका, तिच्यातून निघणारा गॅस पेटतो.

आता दुसरा प्रकार. सेल्फ जोरात फिरतोय, खर्रखर्र मस्त आवाज येतोय पण गाडी धरत नाही. इथं पहिला प्रश्न, चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढला का? हसू नका, कार्बोरेटरच्या गाडीत थंडीतल्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात. चोक पूर्ण बाहेर, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, सेल्फ. धरली की चोक अर्धा आत, एक-दोन मिनिटांत इंजिन सावरलं की पूर्ण आत. वडील चोक ओढून, गाडी तापत ठेवून आंघोळीला जायचे, त्यानं पेट्रोल जातं आणि प्लग काजळतात.

उलटी चूकही होते. चोक ओढून, वर ॲक्सिलरेटर पंप करकरून पेट्रोल ओव्हर होतं, बॉनेटजवळ भपकन वास येतो. मग चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करायचा नाही, आणि तसाच सेल्फ मारा, जास्तीची हवा जाऊन इंजिन कोरडं होतं. नाहीच झालं तर दहा-पंधरा मिनिटं थांबा.

तरी धरेना तर प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल पोचतंय, करंट कमी आहे. खडखडीत कोरडा म्हणजे पेट्रोलच येत नाही, मग फिल्टर, पंप, पाइप बघायचे. काजळी पितळी ब्रशनं साफ करा, प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते तो गॅप फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढा ठेवा. प्लग फारच झिजलेले दिसले तर नवा सेट टाका, तिथं कंजूषपणा नको.

साताऱ्यात गाडी उघड्यावर उभी असते आणि पहाटे सगळ्यावर दव पडतं, ते बॉनेटच्या फटीतून आत जाऊन डिस्ट्रिब्युटर कॅप (प्लगना करंट वाटणाऱ्या भागाचं झाकण) आणि प्लगच्या वायरींवर बसतं. करंट ओलाव्यातून भलतीकडेच पळतो. अंधारात बॉनेट उघडून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा, वायरींवर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसल्या तर वायरी बदला. फॅन-बेल्टपासून हात आणि मफलर लांब. कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या फडक्यानं पुसली तरी पुष्कळदा गाडी पहिल्या झटक्यात धरते.

बॅटरीच उतरली असेल आणि शेजाऱ्याची गाडी मिळाली तर जम्पर केबलची लाल वायर आधी आपल्या प्लसला, मग त्याच्या प्लसला, काळी त्याच्या मायनसला आणि शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. दोन्ही गाड्या १२ व्होल्टच्या पाहिजेत. केबल नसेल तर धक्का, चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच झटकन सोडायचा. चावी ऑन नसेल तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं, आणि इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो, हे उतारावर लक्षात असू द्या. २००० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना चोक नसतो, चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद पंपाची गुंई येते का ऐका, आणि त्यांना सारखे धक्के देऊ नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर साफ करणारा भाग) मारक.

डिझेलवाल्यांनी हिटर प्लगचा (इंजिन आतून तापवणारा प्लग) दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग सेल्फ. घाई केली की नुसता पांढरा धूर. थांबूनही धूरच येत असेल तर एखादा हिटर प्लग गेलेला असू शकतो, आणि अशा गाडीत स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही, तापलेल्या प्लगवर भडका उडतो.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, उतारावर. थंडीत रात्री मी गाडी तोंड उताराकडे करून लावतो, चाकाला दगड, बॉनेटवर जुनी सतरंजी. अर्थ साफ केल्यापासून उताराची गरज एकदाच पडलीय, ते पण वडिलांनी रात्रभर आतला दिवा चालू ठेवला होता म्हणून.